बोटीवर जाण्याआधीचं हळदीकुंकू

आमच्या ह्यांनी बोटीवर राहायला जायचं काढलं, तेव्हा मी भेंडी चिरत होते. मोठी बातमी द्यायची ह्यांची ही ठरलेली वेळ. मी ओट्याशी अडकलेली असले की हे दारात येऊन चौकटीला खांदा लावून उभे राहणार, आणि घर उलटंपालटं होईल अशी गोष्ट दूध संपलंय म्हणावं इतक्या सहज सांगून टाकणार.

“बाबानं विचारलंय,” ते म्हणाले. “बोटीवर कायम राहणारा माणूस हवाय त्याला. मिसेसला आणलंस तरी चालेल म्हणतो.”

बाबा म्हणजे ह्यांचे वडील नव्हेत. कुवेतमध्ये घरकामाला असलेले ड्रायव्हर, कुक, माळी सगळे मालकाला बाबा म्हणतात. हा बाबा म्हणजे एक म्हातारा कुवैती. फिंतासच्या बाजूला धक्क्याला त्याची मोठी बोट बांधलेली असते. मुलं परदेशात, स्वतःचे गुडघे गेलेले, तरी बोट काही विकवत नाही. सुट्टीच्या दिवशी हे तिचं इंजिन बघायला जायचे आणि येताना पिशवीभर मासळी आणायचे. इतकी वर्षं ह्यांच्या तोंडचा ‘बाबा’ मला कधी टोचला नव्हता. त्या दिवशी टोचला.

हे शुऐबा बंदरात टगबोटींच्या वर्कशॉपमध्ये डिझेल मेकॅनिक होते. वय झालं, कंपनीने हार घालून निरोप दिला. मंगफचा आमचा फ्लॅट कंपनीचा, तो सोडणं आलंच. मी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, माझी नोकरी अजून थोडी बाकी. दुसरा फ्लॅट मिळाला नसता अशातला भाग नाही. आणि मला एकटीला म्हणाल तर हॉस्पिटलच्या हॉस्टेलात खोली तयार होती, दोन केरळच्या पोरींबरोबर.

पण ह्यांना पाण्यावर राहायचं होतं. रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचं ह्यांचं गाव. सासऱ्यांचा मचवा होता आणि लहानपणी हे उन्हाळाभर त्या मचव्यातच झोपायचे. पुढे आयुष्य दुसऱ्यांच्या बोटींच्या इंजिनात डोकं घालण्यात गेलं आणि झोपायला मात्र जमिनीवर, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत. “एकदा तरी राह्यचंय गो मला,” ते म्हणाले. “तू येत असशील तरच. नाहीतर बाबाला नाही म्हणून सांगतो.”

ह्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहात साखर कमी पडली तरी तसाच पिणारा माणूस. मी नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी “बरं” म्हटलं आणि पुढची भेंडी घेतली. ते ‘बरं’ तोंडातून आलं होतं, पोटातून नव्हे, हे मला तेव्हाच कळत होतं. ह्यांना नाही कळलं. ते खुशीत जाऊन गॅलरीत शीळ घालत बसले.

मी साताऱ्याकडची. समुद्र पाहिला तो लग्नानंतर. पण पाण्याची भीती वगैरे काही नाही मला, उगाच कशाला खोटं सांगू. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

आमच्या मराठी मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेतले आहेत. त्यांच्यात ह्यांना सगळे ‘मरीनमध्ये आहेत’ म्हणायचे. आता हे मालकाच्या घरच्या व्हिसावर जाणार, म्हणजे ड्रायव्हर-कुक असतात त्या व्हिसावर. आणि आम्ही राहणार कुठे, तर दुसऱ्याच्या बोटीवर राखणदार म्हणून. मंडळाचा कार्यक्रम असला की डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर खाली गाडीत बसून असतो. आपण त्याला आठवणीने प्लेट पाठवतो, मसालेभात, जिलबी, वरून कागदी रुमाल. उद्या कोणी ह्यांना अशी प्लेट पाठवली तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या जाईना. वॉर्डात सलाईन लावताना यायचा, बसमध्ये यायचा. आणि आपल्याला असं वाटतंय याचीही लाज वाटायची. म्हणजे दुहेरी मार.

मुलीला फोन केला. ती इथेच वाढलेली, आता पुण्यात नोकरीला आहे. मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. “मम्मी, दॅट्स सो कूल! यॉटवर राहणार तुम्ही?” म्हणाली. मी म्हटलं, यॉट नाही गं बाई, बोट. तिला फरक कळला नाही आणि मलाही समजावून सांगवेना.

एका शुक्रवारी हे मला बोट दाखवायला घेऊन गेले. “चपला काढ,” हे पहिलं वाक्य. बोटीच्या फळीवर चपलेने पाय ठेवायचा नाही, देवळासारखं. सासऱ्यांच्या मचव्यावर तसंच होतं म्हणे, आणि बाबाचाही तोच नियम. मी चपला धक्क्यावर ठेवल्या आणि ह्यांचा हात धरून चढले. पायाखाली सगळं हळूच हललं.

खाली उतरल्यावर एक खोली, तीच बसायची, तीच जेवायची. पुढे निमुळत्या कोपऱ्यात झोपायचं. गॅसच्या शेगडीला चारी बाजूंनी लोखंडी कठडा, म्हणजे बोट हलली तरी भांडं सरकू नये. संडासला हाताने पंप मारायचा. कपाटं म्हणावीत तर माझा मोठा कुकर एकाही कपाटात आडवा जाईना, उभा जाईना. मी टेप लावून मोजत होते आणि हे माझ्याकडे परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे बघत होते. “कसं वाटतंय?” मी म्हटलं, “कुकर मावत नाही.” ते म्हणाले, “छोटा घेऊ.” इतका आनंद त्या तोंडावर, की मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली.

छोटा कुकर आणायला म्हणून एगैलाच्या मॉलमध्ये गेले आणि नेमक्या डॉक्टरीणबाई भेटल्या. ह्या स्वतः डॉक्टर, यजमानही डॉक्टर, आणि आमच्या मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. बाई वाईट नाहीत. पण नजर अशी, की तुमच्या ट्रॉलीतलं सगळं वाचून काढतात. माझ्या ट्रॉलीत छोटा कुकर, चिकटवायचे हूक आणि घडी होणारी बादली.

“घर बदलताय वाटतं? कुठे बघितलं?”

सांगायचं ना सरळ. तीन शब्दांचं तर काम होतं. मी काय म्हणाले असेन? “फिंतासच्या बाजूला. सी-फेसिंग आहे.”

“अरे वा. सी-फेसिंग!” त्यांच्या भुवया वर गेल्या आणि माझी मान ताठ झाली. खरं सांगते, तेवढा क्षण बरं वाटलं. घरी येईपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे हात जोडलेले चित्रविचित्र मेसेज येऊन पडले होते. कोणी विचारलं वास्तुशांत कधी, कोणी म्हणालं पार्टी पाहिजे. मी सगळ्यांना हसरे चेहरे पाठवले. ह्यांचा फोन साधा, ह्यांना ग्रुपची भानगड माहीत नाही, ते एक बरं होतं.

त्यात संक्रांत आली. मी म्हटलं, ह्या घरातलं शेवटचं हळदीकुंकू करूया. दोन कामं होतील, निरोपही होईल आणि बोटीवर कोणी येण्याचा प्रश्नच उरणार नाही. म्हणजे माझा डाव असा, की इथेच सगळ्यांना गोडधोड खाऊ घालून वाटेला लावायचं, मग ‘लांब पडतं हो’ म्हणत राहायचं. डोकं असं चालवलं होतं मी.

आता वाण काय द्यायचं? इकडे माझी स्टोअररूम भरलेली. वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला जाऊन आणलेली वाणं, मुंजी-वाढदिवसांना मिळालेले डबे, वाट्या, गाळण्या, करंडे, प्लॅस्टिकच्या डिशा. कधीतरी लागेल म्हणून खोक्यात घालून ठेवलेलं. आपण बायका असं घरात का साठवतो, देव जाणे. बोटीवर त्यातली एक वाटीसुद्धा जाणार नव्हती. मला वाटलं, नव्याच्या नवी तर आहेत. पॅकिंगसुद्धा न फोडलेलं. आणायचं कशाला दुसरं?

मी खोकी काढली, झाकणं पुसली, गिफ्टपेपरात गुंडाळायला बसले. हे सेलोटेपचे तुकडे कापून देत होते. एक डबा हातात घेऊन म्हणाले, “हे कोणीतरी तुला दिलेलंच ना? बरं दिसेल का ते?”

“तुम्ही बायकांच्या गोष्टीत पडू नका,” मी फटकारलं. “आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी थांबू नका. सगळ्या जाईपर्यंत बाहेर कुठेतरी जा.”

“बोटीवर जातो मग,” म्हणाले. “मला तिथं एक काम आहेच.” वर हसले. मी तापले की हे हसतात. त्यावर मी आणखी तापते.

हळदीकुंकू झालं झोकात. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, अत्तर, गुलाबपाणी. मी तिळाच्या वड्या केल्या होत्या, त्या खुसखुशीत झाल्या होत्या. जी ती घर आता किती मोठं, किती मजले, बाल्कनी आहे का विचारत होती. मी म्हणत होते, “छोटंच आहे हो, पण पाणी अगदी समोर.” खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मग वाण वाटलं. आपल्याकडे वाण कोणी तिथल्या तिथे उघडत नाही, पर्समध्ये टाकतात आणि घरी जाऊन बघतात. पण डॉक्टरीणबाईंना तिळाच्या वड्या घरी न्यायच्या होत्या. “हा डबाच दिसतोय, त्यातच घालून नेते,” म्हणत त्यांनी कागद फाडला. स्टीलचा, छान कडीचा डबा. वड्या घालण्याआधी आत कागद आहे का म्हणून त्यांनी तो उपडा केला. आणि तशाच थांबल्या.

मी झाकणं तपासली होती. बुडं तपासली नव्हती. डब्याच्या बुडाला त्यांच्याच मुलाचं नाव कोरलेलं होतं, पुढे मुंजीप्रीत्यर्थ आणि तारीख. त्यांच्या मुलाच्या मुंजीत हॉलभर वाटलेले डबे ते. मीही दोन घास जेवून एक घेऊन आले होते.

डॉक्टरीणबाईंनी तो डबा शेजारणीला दाखवला. शेजारणीने आपली पुडी चाचपली, मग उघडलीच. गाळणं. “अगंबाई, हे तर मीच लुटलं होतं मागे,” ती म्हणाली. मग काय, टराटर कागद फाटायला लागले. एकीला तिचाच करंडा गेला नव्हता, पण तिच्या जावेचा गेला होता. कोणीतरी खुसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. हसल्या म्हणजे चांगल्या मनाने हसल्या, तेही मला दिसत होतं. पण माझं तोंड असं तापलं, की कानाच्या पाळ्यांपर्यंत जाणवत होतं. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं म्हणतात ना, तसं.

“सी-फेसिंग घरात जुनं नको असेल हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोचरं होतं की नव्हतं, अजून मला कळलेलं नाही.

आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली. सगळ्या जायच्या आधीच हे आले होते, कारण हातातली वस्तू दाखवायला धीर धरवला नव्हता. कपड्यांना भुसा लागलेला. दोन्ही हातांत लाकडाचं छोटंसं देवघर. एवढंसं, पण कमान, दोन खांब, खाली कापसाच्या वाती ठेवायचा खण. बुडाला चारी बाजूंनी पितळी हूक बसवलेले, आणि पुढून एक पट्टा.

“बघा,” ते सगळ्या बायकांनाच म्हणाले. “हे बोटीसाठी. हूक असे फळीत अडकवले, की कितीही हलू दे, देव पडायचे नाहीत.”

“बोटीसाठी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“म्हणजे? हिनं सांगितलं नाही? आम्ही बोटीवर राहायला चाललो. मालकाची बोट सांभाळायची आणि तिथंच राहायचं.” किती अभिमानाने सांगितलं. “सगळ्यांनी यायचं. पण एकदम नका येऊ, चार-चार जणी या, बोट छोटी आहे.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला अजून त्या नजरा आठवतात, आणि त्यात कुत्सित अशी खरंतर एकही नव्हती. नुसत्या बघत होत्या, ऐकायचं होतं त्यांना. आणि मी, वॉर्डात मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावणारी बाई, म्हणाले,

“हे जाणार आहेत. मी नाही. मी हॉस्टेलात खोली घेतलीय.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग देवघर हळूच टीपॉयवर ठेवलं आणि बायकांकडे वळून म्हणाले, “हो. तसंच ठरलंय. हिची ड्यूटी असते, बोटीवर कशी जमणार? माझ्या तोंडात आपलं ‘आम्ही’ बसलंय.” वर हसलेसुद्धा.

मला सांभाळून घेतलं त्यांनी. मी चारचौघींत त्यांना टाकलं आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं. मी तिथेच उभी राहिले, हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन.

बायका गेल्या. मला वाटलं, आता बोलतील, चिडतील, निदान दार आपटतील. मी तर भांडायच्या तयारीत होते. भांडण झालं असतं तर सोपं गेलं असतं, मी जिंकलेसुद्धा असते. त्यांनी फाटलेले गिफ्टपेपर गोळा केले, एकात एक घालून पिशवीत भरले. “हॉस्टेलात गादी देतात का आपली न्यायची?” एवढंच विचारलं.

पुढचे दिवस घर आवरण्यात गेले. ह्यांनी माझं सामान वेगळं बांधलं. मी कामावरून आले की एक खोकं वाढलेलं असायचं, वर मार्करने ‘हॉस्टेल’ लिहिलेलं. मी रोज ठरवायची, आज बोलू. माफी मागायचे शब्द सगळ्यांकडे असतात, माझ्याकडेही असतील की. पण ह्यांच्यासमोर गेले की तोंडून निघायचं, “सेलोटेप कुठाय?” ते आणून द्यायचे.

फ्रिज, सोफा, पलंग इमारतीतल्या लोकांनी नेले. दोन खोल्यांत आवाज घुमायला लागला. एका सकाळी मी ड्यूटीवर असताना हे आपलं सामान घेऊन बोटीवर गेले. मला फोन करून सांगितलं, “किल्ली वॉचमनकडे आहे. सावकाश जा.”

संध्याकाळी मी शेवटचं बघून घ्यायला फ्लॅटवर आले. डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून फोन केला होता, गाडी घेऊन येते, हॉस्टेलला सोडते तुला. इतकं झाल्यावरही. मी नको म्हणू शकले नाही.

ओट्यावर ह्यांनी माझ्यासाठी ठेवलेलं शेवटचं खोकं होतं. उघडलं. जाड रजई, हीटर, छोटा कुकर, चांगली ताटं, सगळं मलाच दिलेलं. भांड्यांच्या रॅकमध्ये बघितलं, तर काय गेलं होतं? एक ताट, एक वाटी, एक भांडं. जानेवारीच्या थंडीत पाण्यावर झोपणारा माणूस रजई बायकोला ठेवून गेला होता.

खोक्याच्या तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं देवघर होतं. मी ते बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं. सरळ बसलं, अगदी सपाट. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून उपडं केलं. पितळी हूक काढून टाकलेले होते. पुढचा पट्टाही. हुकांची भोकं पुट्टीने भरून, घासून, वरून पॉलिश मारलेलं, हॉस्टेलच्या टेबलावर चांगलं दिसावं म्हणून. बोट लावलं तर भोकं होती तिथे अजून किंचित ओलं लागत होतं.

मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात खाली बसले. रडले म्हणून सांगत नाही, ते कोणीही रडलं असतं. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती. ह्या माणसाने माझी लाज झाकायला आपल्या हाताने आपलं काम मोडलं होतं, आणि तेही नीट मोडलं होतं, दिसू नये असं.

खाली हॉर्न वाजला. ड्रायव्हर खोकी न्यायला वर आला. त्याच्याबरोबर मीही एक खोकं उचललं, देवघर काखेत घेतलं आणि गाडीत डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसले. मग मीच म्हटलं, “तो डबा...”

“त्यात डाळ भरून ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “आणि एक सांगू? आमच्याकडे अजून पोतंभर पडलेत तसले. लोकांनी मुंजीत घेतलेच नाहीत.”

मला हसू आलं आणि रडूही. सिग्नलला गाडी थांबली. मी ड्रायव्हरला म्हटलं, हॉस्टेलकडे वळू नकोस, फिंतासला धक्क्यावर चल.

“तिकडे काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“घर,” मी म्हणाले. “सी-फेसिंग म्हटलं होतं ना मी, ते. ती बोट आहे. हे तिथे नोकरीला आहेत आणि मी त्यांच्याबरोबर राहणार आहे.” बोलले एकदाची. आपल्याला वाटतं, एवढं बोलून टाकलं की झालं, आपण सुटलो. सुटण्याला मात्र अवकाश होता.

धक्क्यावर वारा होता. बोटीच्या मागच्या बाजूला दिवा लागलेला. म्हातारा मालक खुर्चीवर बसून काळा चहा पीत होता, गुडघ्यांवर शाल. हे त्याच्यासमोर खाली फळीवर बसून दोरीचं टोक बांधत होते. कानटोपी घातलेली. मला आधी त्या म्हाताऱ्याने बघितलं. मग ह्यांनी. ड्रायव्हर मागे खोकी उतरवत होता, डॉक्टरीणबाई गाडीशी उभ्या होत्या. हे झटकन उठले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट करून ह्यांना हसत विचारलं, “मदाम?” म्हणजे, तुझी बायको का?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. माझं तोंड वाचायचा प्रयत्न करत होते ते. त्या सगळ्यांसमोर मला काय म्हणवून घ्यायला आवडेल, ते शोधत होते. मग अडखळत, मोडक्या हिंदीत म्हणाले,

“नहीं बाबा. ये सिस्टर है. हॉस्पिटल से.”

माझ्या नवऱ्याने, माझी लाज राखायला, मला परकी करून टाकलं. आणि हे त्यांना कोणी शिकवलं होतं? मीच. हळदीकुंकवाच्या दिवशी, भर दिवाणखान्यात.

वॉर्डात पेशंटच्या आयाबहिणींशी बोलून आलेली जी काही अरबी माझ्याकडे होती, ती मी गोळा केली. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने म्हणाले, धक्क्यावरच्या सगळ्यांना जाईल इतक्या मोठ्याने. म्हटलं, मी ह्यांची बायको आहे. आजपासून इथेच राहणार आहे.

म्हाताऱ्याने मान डोलावली, ह्यांच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा चहा प्यायला लागला. हे जवळ आले, माझ्या काखेतलं देवघर घेतलं, उपडं केलं आणि बुजवलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला.

“परत पाडावी लागतील,” म्हणाले.

“पाडा,” मी म्हटलं.

मी पाय पुढे टाकला.

“चपला काढ गो,” ते म्हणाले.

मी खाली वाकले. चपलेचा पट्टा साधाच होता, एका हाताने सुटणारा. मी दोन्ही हात लावले आणि बराच वेळ तशीच वाकून राहिले, कारण वर बघितलं असतं तर त्यांना माझं तोंड दिसलं असतं.